देव तिथीनं, सूर्य तारखेनं

ग्लासगो
१४ नोव्हेंबर २००४

आबा,

दिवाळीचा नमस्कार. फोन मुद्दाम केला नाही. तात्यांच्या दुकानातल्या फोनवर तुम्ही एक तर ओरडता, नाही तर गप्प बसता, आणि मागे दहा माणसं कान देऊन उभी असतात. पत्रात तुम्ही मला जास्त सापडता.

पाडव्याला इथल्या एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांची बायको, देवयानीताई, मूळ पुण्याची. गेली अठरा वर्षं इथेच आहेत. चकल्या चांगल्या झाल्या होत्या. त्यांचा आरव दहा वर्षांचा आहे आणि मराठी बोलायचा हट्ट धरतो. सगळ्यांसमोर मला म्हणाला, "उल्काताई, तुझी बाबा काय करते?" सगळे हसले. मीही हसले, काहीतरी उत्तर दिलं आणि चकली मागितली.

आता महत्त्वाचं. साताऱ्याच्या दिवाळी अंकात माझा लेख आला आहे. अंक तुम्हाला पोस्टाने येईल. आपल्या कुंडेश्वराच्या देवळातल्या प्रकाशावर आहे. गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीवरच्या तुमच्या खुणा मी त्यात मांडल्या आहेत: झरोक्यातून येणारं ऊन पिंडीच्या बरोब्बर मधोमध पडतं त्या दिवशी तुम्ही भिंतीवर रेघ ओढता, आणि बाजूला कोळशाने इंग्रजी तारीख लिहिता. तुमच्या एकतीस वर्षांच्या तारखा. फेब्रुवारीतली वीस किंवा एकवीस, ऑक्टोबरातली बावीस. कधी एक दिवस इकडे, कधी एक दिवस तिकडे. देव शिवरात्रीलाच उजळतो असं गाव मानतं, पण शिवरात्रीशी त्याचा संबंध नाही. जुळली तर जुळली.

माझे सुपरव्हायझर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ज्याने पाहिलं त्याचं नाव लिहायचं, नाही तर ती चोरी. म्हणून लेखाच्या शेवटी लिहिलं आहे: "हे निरीक्षण माझे वडील ज्ञानेश्वर धोंडी गुरव यांचे. ‘देव तिथीनं चालतो, सूर्य तारखेनं’ हे वाक्यही त्यांचेच." तुमचं नाव छापलेलं पाहून मी ते पान तीनदा वाचलं.

माझं काम चाललंय. इथल्या एका खेड्यातल्या चर्चच्या जुन्या वह्या वाचते आहे. १६८१ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला. धर्मगुरूने सांगितलं, देवाचा कोप झाला, सगळ्यांनी उपास करा. गावच्या शाळामास्तराने पोरांना सांगितलं, "उपास करा नाही तर जेवा, तो त्याच्या वाटेने जाणारच." झालं. चर्चच्या पंचांनी त्याला बोलावलं. शिक्षा काय, तर तीन रविवार सगळ्या गावासमोर एका उंच स्टुलावर बसायचं आणि ‘मी चुकलो’ म्हणायचं.

आणि आबा, तो बसला. तीनही रविवार. माझी फार निराशा झाली.

तुमची
उल्का


सोनकुंड
२ डिसेंबर २००४

चि. उल्कास, आबाचे आशीर्वाद.

अंक पोचला. तात्यांनी वाचला, मग मी वाचला. अक्षर बारीक आहे, चष्मा लावून दोन दिवस लागले. चांगलं लिहिलं आहेस. तुझी आई असती तर तिने हळदकुंकू वाहून ठेवला असता.

मी बरा आहे. थंडी पडली आहे. सध्या सकाळची घाई नसते, त्यामुळे झोप पुरी होते. जेवण वेळेवर होतं. रेखाच्या हातच्या भाकरीला तुझ्या आईच्या भाकरीची चव आहे.

तुझ्या मास्तराचं वाचलं. एक विचारायचं आहे. स्टुलावर बसवलं तेव्हा त्याला घरदार होतं का? शाळेच्याच खोलीत राहत होता की स्वतःचं घर होतं? वहीत असेल तर कळव.

तात्यांच्या फोनवर काही दिवस फोन करू नको. लाइन बिघडली आहे.

पत्राचं पाकीट बघून घाबरू नकोस, गावात पाकिटं संपली म्हणून रेखाच्या अंगणवाडीचं वापरलं आहे.

आबा


ग्लासगो
१९ डिसेंबर २००४

आबा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. रेखाची भाकरी खाताय हे वाचून बरं वाटलं. म्हणजे ती अजून तुमच्याकडे येते. एवढी बालपणीची मैत्रीण, पण मला मात्र पत्र लिहीत नाही, आळशी कुठली.

इथे पावणेचारला सूर्य मावळतो. सकाळी पावणेनऊला उगवतो, तोही ढगामागे. ऊन दिसून अकरा दिवस झाले, मी मोजते आहे. ख्रिसमससाठी फ्लॅटमधल्या तिघी घरी गेल्या. लायब्ररी बंद. चार दिवस कुणाशी बोलणं झालं नाही. काल कोपऱ्यावरच्या दुकानात ‘थँक्यू’ म्हटलं तर आवाजच फुटेना, खोकल्यासारखं काहीतरी झालं. दुकानदार म्हणाला, "यू ऑल राइट, हेन?" इथे बायकांना प्रेमाने असं म्हणतात. मला एकदम रडू आलं, म्हणून दूध न घेताच बाहेर आले.

मास्तर शाळेच्याच खोलीत राहत होता. एक बहीण होती त्याच्याबरोबर. पण आबा, त्याने काय फरक पडतो? खोली गेली असती. खरं तर राहिलं असतं. तुम्ही मला लहानपणी रेघा दाखवल्यात तेव्हा काय म्हणालात? "जे दिसतं ते लिहायचं. आवडतं ते लिहायचं नाही." मी त्याच वाक्यावर इथवर आले.

आता एक शंका. लेखासाठी नव्हे, माझ्यासाठी. २००२ साली शिवरात्र बारा मार्चला होती. मी कॉलेजमधून घरी आले होते. सभामंडपात उभी होते, आणि मला नक्की आठवतंय, पिंडीवर ऊन पडलं होतं. शंख वाजला होता. पण बारा मार्चला ऊन तिथे पडूच शकत नाही. सूर्य तोवर उत्तरेकडे सरकलेला असतो, आणि ऊन पिंडीपासून हातभर दक्षिणेला पडायला हवं. माझी आठवण चुकते आहे की तुमच्या रेघा?

येती शिवरात्र आठ मार्चला आहे. तेव्हाही ऊन बाजूलाच पडायला हवं. नीट बघून कळवा.

उल्का


सोनकुंड
९ जानेवारी २००५

चि. उल्कास आशीर्वाद.

तुझी आठवण चुकत नाही. रेघाही चुकत नाहीत.

हे तुला कधी सांगायला लागेल असं वाटलं नव्हतं. माझ्या वडिलांनी मला सांगितलं ते त्यांच्या अखेरच्या दुखण्यात. मला मुलगा नाही, तेव्हा हे माझ्याबरोबर संपेल असं धरून चाललो होतो.

ज्या वर्षी शिवरात्र वीस तारखेच्या जवळ येते, त्या वर्षी सूर्य आपणहून येतो. ज्या वर्षी लांब जाते, त्या वर्षी मी पूजेची पितळी परात चिंचेने घासून भिंतीला टेकवून ठेवतो. झरोक्यातलं ऊन हातभर बाजूला पडतं ते परातीवर पडतं, आणि परातीवरून पिंडीवर. परात कुठे आणि किती कलती ठेवायची ते त्या रेघांवरून कळतं. लोक सभामंडपात लांब उभे असतात. पूजेच्या सामानात एक परात कुणाला खटकणार? रेघा त्यासाठीच होत्या, उल्का. तुला वाटलं मी शोध लावतोय. मी अंदाज बांधत होतो.

देवळाचा ट्रस्ट तात्यांच्या हातात, म्हणून त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या वडिलांनाही होतं.

दहा गावांची माणसं रात्रभर चालून येतात. कुणाचं पोर आजारी, कुणाची लेक नांदत नाही. त्यांना काय सांगू, देव पंधरा-वीस दिवसांपूर्वीच येऊन गेला? पहिल्या वर्षी परात ठेवताना देवाची माफी मागितली. पुढे सवय झाली. सवय झाली हे जास्त वाईट, असं आता वाटतं.

तुझी आई मला म्हणायची, पोरीला हे सांगू नका, ती तुमच्याकडे बघून शिकते आहे.

आबा


ग्लासगो
२० जानेवारी २००५

आबा,

तुमचं पत्र मिळालं.

मी तुमचं नाव छापलं. माझ्या सुपरव्हायझरांना सांगितलं की माझ्या वडिलांनी, सातवी शिकलेल्या माणसाने, एकतीस वर्षं निरीक्षण केलं. ते म्हणाले, "ही तर खरी वेधशाळा." आणि तुम्ही त्या रेघा लोकांना फसवण्यासाठी वापरत होता.

माझा मास्तर तीन रविवार स्टुलावर बसून खोटं बोलला. तुम्ही एकतीस वर्षं गाभाऱ्यात बसून बोललात, आणि तुम्हाला कुणी बळजबरी केली नव्हती.

मला सध्या काही लिहायचं नाही.

उल्का


सोनकुंड
५ फेब्रुवारी २००५

उल्के,

तुझ्या हुशारीला लांबूनच नमस्कार. मी पत्र लिहीत नाही म्हणून आळशी म्हणालीस म्हणे. आबांनी शपथ घातली होती, म्हणून हात बांधले होते. आज शपथ मोडते. पाप लागलं तर अर्धं तुझ्या नावावर.

दिवाळीनंतर चार दिवसांत ट्रस्टची बैठक झाली. तुझा लेख तात्यांनी सगळ्यांपुढे मोठ्याने वाचला. खाली आबांचं नाव वाचताना तर दोनदा वाचला. तू नाव घातलं नसतंस तर ‘पोरगी शिकून बिघडली’ म्हणून सोडून दिलं असतं गं. पण नाव आल्यावर ते गुरवानेच म्हटलेलं झालं ना. आबांची पूजा त्याच दिवशी बंद केली. देवळामागच्या त्यांच्या राहत्या खोलीला कुलूप घातलं. तेव्हापासून आबा आमच्या पडवीत आहेत. आमच्या नवरोबाने, अजयने, गोणपाट लावून आडोसा केलाय. थंडीत म्हातारा माणूस पहाटे चारला उठून बसतो, काय तर म्हणे घंटेची वेळ झाली. घंटा दुसरंच कुणी वाजवतं.

तात्यांची अट अशी आहे: शिवरात्रीला सगळ्यांसमोर सांगायचं की मी असं काही बोललो नाही, पोरीने मनचं लिहिलं. आणि प्रकाश नेहमीसारखा दिसला पाहिजे. मग खोली परत, पूजा परत. आबांनी अडीच महिन्यांत हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. नेहमीसारखा म्हणजे काय ते तात्यांना आणि आबांनाच ठाऊक, मी विचारलं नाही.

तुझं परवाचं पत्र मीच वाचून दाखवलं, त्यांचा चष्मा फुटलाय. शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं होतं मध्येच थांबवतील. पण म्हणाले, "वाच. तिने लिहिलंय ना, वाच."

त्या दिवशी जेवले नाहीत.

आता तू ठरव.

रेखा


ग्लासगो
१४ फेब्रुवारी २००५

आबा,

हे पत्र रेखा वाचून दाखवेल, म्हणून मोठ्या अक्षरात लिहायचं कारण नाही, तरी लिहिते आहे.

मी ते पत्र मागे घेऊ शकत नाही. तुम्ही ते ऐकलंत. रेखाच्या आवाजात ऐकलंत हे आणखी वाईट.

एक गोष्ट कबूल करायची आहे. पाडव्याला आरवने विचारलं होतं ना, तुझे बाबा काय करतात? मी म्हणाले, शिक्षक आहेत. समोर पुण्याची माणसं बसली होती. कुणी सर्जन, कुणी बँकेत. गुरव म्हटलं की ते पुढे काय विचारतील, आणि मग किती हळू आवाजात आपापसात बोलतील, ते मला क्षणात दिसलं. कुणी बळजबरी केली नव्हती. छापील पानावर मी तुमचं नाव मिरवलं, आणि हातात चकली असताना गिळून टाकलं. आणि तुम्हाला शिकवत होते.

रेखाचं पत्र आलं त्या दिवशी लायब्ररीत जाऊन मास्तराची हकीकत असलेल्या चर्चच्या वहीची पुढची पानं काढली. मी ती वाचलीच नव्हती. तो घाबरला, एवढं कळल्यावर माझा त्याच्यातला रस संपला होता. तिसऱ्या रविवारनंतर आठ दिवसांनी शाळा पुन्हा सुरू झाल्याची नोंद आहे. नंतरची एकोणीस वर्षं तोच मास्तर. तुम्ही विचारलंत त्याला घर होतं का. तो प्रश्न तुम्ही कुणासाठी विचारत होता ते मला कळायला अडीच महिने लागले.

सोबत एक कागद आहे. ट्रस्टच्या नावे. त्यावर मी लिहिलं आहे की लेखातली माहिती मी मनाने रचली, वडिलांनी असं कधी काही सांगितलं नाही, त्यांचं नाव मी परवानगीशिवाय घातलं, आणि मी क्षमा मागते. खाली सही आहे. हा तात्यांना द्या. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. परात घासा, खोलीत परत जा, चहा करून प्या.

स्टुलावर मी बसते, आबा. मी तरुण आहे, माझे पाय दुखणार नाहीत. आणि इथे मला ओळखतंय कोण?

काल ऊन पडलं होतं. वीस मिनिटं. मी रस्त्यातच उभी राहिले.

तुमची
उल्का


सोनकुंड
१० मार्च २००५

चि. उल्कास, आबाचे अनेक आशीर्वाद.

अजयने तालुक्याहून चष्मा दुरुस्त करून आणला. हे पत्र मी स्वतः लिहीत आहे.

परवा शिवरात्र झाली. तुझा कागद माझ्या खिशात होता. तात्यांनी आधल्या दिवशी विचारलं, "काय गुरव, काय ठरलं?" मी म्हणालो, "सकाळी येतो." त्यांना वाटलं जमलं. त्यांनी खोलीची किल्लीसुद्धा काढून ठेवली होती.

पहाटे आंघोळ करून गाभाऱ्यात गेलो. चार महिन्यांनी गेलो. परात घासलेली नव्हती, मी घासली. सभामंडप भरला. सूर्य आला. ऊन पडलं ते दक्षिणेला, हातभर बाजूला, जिथे पडायचं तिथेच. मी परात ठेवली, पिंड उजळली, शंख वाजला. लोकांनी हात जोडले. मग मी परात उचलली. पिंड काळी झाली. पुन्हा ठेवली, उजळली. पुन्हा उचलली आणि हातात घेऊन दारात येऊन उभा राहिलो.

बोलायचं पाठ केलं होतं, ते काही आठवलं नाही. म्हणालो, "मंडळी, देव तिथीनं चालतो, सूर्य तारखेनं. हे माझंच वाक्य आहे. पोरीने खरं लिहिलं. सूर्य इथे वीस फेब्रुवारीला येऊन गेला. त्या दिवशी इथे कुणी नव्हतं. आज जे दिसलं ते ही परात आहे. मी एकतीस वर्षं ठेवतोय, माझ्या आधी माझा बाप ठेवत होता."

तात्या म्हणाले, "चोर पण तूच आणि पोलीस पण तूच का रे गुरवा?" मी म्हणालो, "चोर मीच. म्हणून तर सांगू शकतो." तात्यांना ठाऊक होतं, हे मी बोललो नाही. ते त्यांचं त्यांनी सांगायचं.

मग ओरडा झाला. एकाने नारळ फेकला, तो खांबाला लागला. एक बाई रडायला लागली, तिने पोरासाठी नवस केला होता. तिच्याकडे बघवलं नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्या पुस्तकांत असेल तर कळव.

तेवढ्यात यमुनाआजी पुढे आली. तुला आठवत असेल, खालच्या आळीची, नव्वदीला टेकली आहे. माझ्या हातातली परात घेतली आणि म्हणाली, "ज्ञानबा, कुठं ठेवायची असती रं?" मी रेघ दाखवली. तिने स्वतः वाकून परात धरली. हात कापत होते, म्हणून ऊन पिंडीवर थरथरत होतं. तिने एका हाताने परात धरली आणि दुसऱ्या हाताने नमस्कार केला. मग म्हणाली, "दिसतंय की." आणि परात मला परत देऊन घरी गेली.

उल्का, मी एकतीस वर्षं भीत होतो की कळलं तर माणसं देव टाकतील. म्हातारीने काहीच टाकलं नाही. मला नवल वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

पूजा गेली. दुसऱ्या गावचा गुरव आणला आहे. खोली त्याला दिली. देवळाच्या आत मी यायचं नाही असं ठरलं आहे. काही घरं बोलत नाहीत. पडवीत राहतो आहे, रेखा हाकलत नाही. अंगणवाडीत पोरांना अंक शिकवायला बसवते मला सकाळी. चारला जाग येते ती येतेच. घंटेची वेळ निघून जाईपर्यंत बसून राहतो. ती वेळ फार मोठी वाटते.

तुझ्या मास्तराला भित्रा म्हणू नकोस. तो बसला म्हणून एकोणीस वर्षं पोरं शिकली. मी उभा राहिलो, कारण माझी पोर शिकून झाली होती. एवढाच फरक.

आरवला आता सांग, ‘माझे बाबा पूर्वी गुरव होते.’ ‘शिक्षक’ म्हणालीस ते तितकंसं खोटं राहिलं नाही म्हणा, अंगणवाडीमुळे. पण आधी गुरव सांग, मग ते.

तुझा कागद या पाकिटात परत पाठवत आहे. कुणाला दाखवला नाही. त्यावर तुझी सही आहे. पहिल्यांदा सही करायला तुला मीच शिकवलं होतं, पाटीवर. ती खोट्याखाली नको. वरचा मजकूर फाड, सही ठेव.

ऑक्टोबरच्या बावीस तारखेला सूर्य इथे परत येईल. आपणहून येईल. मला आत जाता येणार नाही, पण समोरच्या रस्त्यावरून झरोका दिसतो. साडेसहाच्या सुमारास मी तिथे उभा असेन. तुझ्याकडे त्या दिवशी सूर्य किती वाजता उगवतो ते कळव.

आबा